कानातलं मशीन शोधताना

आपली टेकडी स्वच्छ आहे, याबद्दल घड्याळबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. हे नाव त्यांना मैत्रिणींनी ठेवलं होतं. रोज सकाळी टेकडी चढून उतरायला किती मिनिटं लागली, हे त्या कपडे शिवायला टाकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. वनरक्षक दुकानात आला आणि कचरा वेचायला रविवारी दोन तास द्याल का म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला सरळ वाटेला लावलं. चुकलेला टाका मला दहा पावलांवरून दिसतो, बारा वर्षं रोज टेकडी चढते, कचरा दिसला नसता का, असं वर सुनावलं.

त्याच आठवड्यात सासरे हट्टानं त्यांच्याबरोबर टेकडीवर आले आणि उतरताना त्यांच्या डाव्या कानातलं मशीन कुठंतरी गळून पडलं. शेंगदाण्याएवढी ती राखाडी वस्तू. तिच्याशिवाय म्हातारबुवांना दारावरची घंटाही ऐकू येत नसे.

दुपारी दुकानाला कुलूप लावून दोघं परत गेली. बाई वाकून एकेक पाऊल टाकत होत्या. पहिल्याच वळणावर काहीतरी चकाकलं. झडप घातली तर गोळीचा कागद निघाला. मग बाटलीचं झाकण, मग कंगव्याचे तुटके दाते, मग सिगारेटची थोटकं. एकाच वस्तूनं दोनदा फसवू नये म्हणून त्या सगळं पिशवीत टाकत गेल्या. अर्ध्या वाटेत पिशवी तुडुंब भरली, तेव्हा सासऱ्यांनी आपली टोपी पुढे केली.

बाई खजील झाल्या. सासऱ्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी विचारलं, "बाबा, हे सगळं रोज इथंच होतं?"

"असणारच. रोज तुला घाई असते. आज तुला मशीन हवंय."

मशीन एका दगडाच्या कपारीत, वेफर्सच्या पाकिटाखाली सापडलं. सासऱ्यांनी ते पुसून कानात घातलं आणि सुनेला सांगितलं, आता जरा हळू बोल.

बाईंना मात्र स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून त्या नेहमीसारख्या चढल्या. माथ्यावर पोचल्यावर लक्षात आलं, वाटेत कचरा दिसलाच नव्हता. उतरताना, काल शोधायच्या राहिलेल्या वरच्या वाटेवर, फक्त निळी झाकणं बघायची ठरवलं. एकोणीस मिळाली.

त्या तडक वनरक्षकाच्या चौकीवर गेल्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "रविवारी येते, मैत्रिणींनाही आणते. पण नुसतं कचरा वेचा म्हणू नका. कचरा बघायची हौस कुणाला असते? प्रत्येकीला एकच वस्तू वाटून द्या."

रविवारी अकरा जणी आल्या. कुणाला काचा, कुणाला दोऱ्या, कुणाला झाकणं. बघता बघता चुरस लागली. अर्धं झाकण मोजायचं की नाही यावरून वाद झाला, तेव्हा पंच म्हणून पायथ्याशी बसलेल्या सासऱ्यांनी मशीन बंद केलं. सहा पोती भरली.

वनरक्षक नुसताच उभा होता. बाईंनी त्याला तारेचे तुकडे दिले शोधायला. ही माझी रोजची गस्तीची वाट, इथं तार कुठली, असं म्हणत तो झुडपात शिरला. तासाभरानं सगळ्या जणी निघाल्या, तरी तो गुडघ्यांवर बसून मातीतली तार उपसतच होता आणि हाका मारल्या तरी ओ देत नव्हता.