वेबखेतचा निखळलेला जबडा

नाईलच्या पश्चिम काठावर भाड्याने रडणाऱ्या बायांची एक टोळी होती, आणि त्या टोळीत वेबखेतइतकी कुचकामी बाई दुसरी नव्हती. धूळ उधळायची, छाती बडवायची, पण डोळे आपले कोरडे ठणठणीत. त्यात जन्मभर वाळू मिसळलेल्या पिठाची भाकर चावून तिच्या जबड्याचा सांधा असा झिजलेला, की जांभई दिली तरी जुनं दार उघडल्याचा आवाज यायचा.

एकदा कोठारावरच्या बड्या अधिकाऱ्याच्या मयतात तिने हंबरड्यासाठी तोंड वासलं, कट् झालं आणि तोंड मिटेचना. लाळ गळू लागली. कळांनी डोळ्यांना धारा लागल्या. अधिकाऱ्याची विधवा स्वतःचं रडणं विसरून बघत राहिली.

"याला म्हणतात दुःख!" ती दिरांवर खेकसली. "नाहीतर तुम्ही!"

टोळीची म्होरकी हेनुतशेनू. थडग्याचं दार लिंपून होईपर्यंत तिने वैद्याला फिरकू दिलं नाही. मग वैद्याने दोन्ही अंगठे तोंडात घालून जबडा खाली दाबला, मागे रेटला आणि बसवला.

"बाई, आता पेज प्या आणि तोंड आवरा," तो म्हणाला. "खाच झिजलीय. फार वेळा निसटला तर देवालाही बसवता यायचा नाही."

अंगठे कुठे ठेवायचे, ते हेनुतशेनूने नीट पाहून घेतलं. जे बसवता येतं ते उखडताही येतं.

मग काय! 'ती आ वासणारी पाठवा,' असे घरोघरून निरोप. दर मयताला शवपेटी ओढणाऱ्या बैलांआड नेऊन हेनुतशेनू तिचा जबडा उतरवी. बाकीच्या बाया जळून कोळसा. "आमच्या नशिबी मेले धड जबडे!"

वेबखेतला असला मान नको होता. तिची लेक तामित पोटुशी होती. बाळंतपणाच्या विटांवर बसलेल्या लेकीला पाठीमागून धरायचं आणि तिच्या कानात बाळंतिणींना जपणाऱ्या तावेरेत देवीची नावं घ्यायची, हे आईचंच काम. त्याला धड तोंड हवं.

"आक्का, पोर मोकळी होईस्तोवर मला सोड," ती गयावया करू लागली.

"एवढं एकच गं. पुजाऱ्याची आई आहे, नाही कसं म्हणू? आणि तामितला अजून अवकाश आहे."

"नको..." म्हणायला वेबखेतने तोंड उघडलं, तेवढ्यात अंगठे आत.

त्या दिवशी वैद्याने जबडा बसवला, तो निसटला. पुन्हा बसवला, पुन्हा निसटला. शेवटी तो अंगठे पुसत म्हणाला, "संपलं. आता हेच तुझं तोंड."

त्याच दुपारी निरोप आला, तामितला कळा लागल्या. वेबखेत वासल्या तोंडाने धावत सुटली. दारात विहीणबाई आडव्या.

"हे तोंड घेऊन आत? बाळाला वाटेल, थडग्यातच जन्मलो!" आणि दार धाडकन बंद.

आता ते तोंड ज्या दारात, त्या घरात मयत, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. समोरच्या बाईने हातातलं मडकं टाकलं.

"अगं बाई, तामित गेली!"

गल्ली लोटली. डोक्यांवर धूळ पडू लागली. वेबखेत जिवाच्या आकांताने हात हलवून नाही नाही सांगत होती.

"कशी हात झाडतेय बघा माउली!" म्हणून बाया आणखी ऊर बडवू लागल्या.

आत विटांवर बसलेली तामित स्वतःच्याच मयताचा आक्रोश ऐकत बाळंत झाली. त्या गदारोळात तिचा आवाज फक्त दाराला कान लावलेल्या वेबखेतला ऐकू गेला.

"आई, मी जिवंत आहे! माझ्या लेकराच्या कानात पहिला आवाज हा घातलास? चालती हो. पुन्हा येऊ नकोस."

वेबखेतला सांगायचं होतं. तिने दोन्ही तळव्यांनी हनुवटी धरली आणि सगळं बळ एकवटून वर रेटली. हाड करकरलं, पण तसूभर हललं नाही. तिने पुन्हा रेटली.

दुःखाची ही नवी तऱ्हा पाहून गल्ली क्षणभर थबकली. मग एकीने आपली हनुवटी धरली, दुसरीने धरली, आणि बघता बघता सगळ्या बाया आपापले जबडे वर दाबून नाकातून हंबरडा फोडू लागल्या.