दंडिधर ककाईंनी आशीर्वाद थांबवला

या, असे जवळ सरकून बसा. चटई लहान आहे, पण मांडीला मांडी लावली की सगळे मावतात. लाल चहा येतोच आहे, तोवर गुळाचा खडा हातात धरा आणि ऐका. आमच्या नाहरमुख गावात एका माणसाचा आशीर्वाद चोरीला गेला आणि तो माणूस तो परत मिळवायला निघाला, त्याची ही गोष्ट. हरिनामाइतकी गोड नाही, पण नामघरातच, आमच्या गावच्या कीर्तनघरातच घडलेली आहे, म्हणून देवाचं नाव घेऊन सांगतो.

दंडिधर मोरान आमच्या नामघरात नाम सांगतात. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना ककाई, म्हणजे मोठा भाऊ, म्हणतात. भोगेश्वर दुकानदाराने त्यांच्याहून चार पावसाळे जास्त पाहिले आहेत, पण तोही ककाईच म्हणतो. विचारलं तर सांगतो, "मोठा म्हटलं की पहिलं पान त्यानेच काढून द्यायचं असतं, माझी सुपारी वाचते."

दिवसा ककाई मासे धरायचे बांबूचे सापळे विणतात. संध्याकाळी नामघरात बसून पद सुरू करतात ते अगदी खालच्या स्वरात, नावाड्याने बांबूने पाण्याची खोली चाचपावी तसं. मग बायका टाळ्यांचा ठेका धरतात, मी त्यांच्या मागे बसून झांजा धरतो, आणि आपण कधी वर चढलो ते कळतच नाही. मी पुष्कळ नाम ऐकलं, पुष्कळ गळे ऐकले. ज्यात गाणाऱ्याचा मोठेपणा ऐकूच येत नाही असा हा एक.

आता कंपनी. तिला बरजानच्या तळ्याच्या तोंडाशी तेलाच्या विहिरी खणायच्या होत्या. कायदा असा, की त्याआधी पाण्यावर, माशांवर, माणसांवर काय परिणाम होईल ते तपासायचं, गावाला विचारायचं आणि अहवाल लिहायचा. ते काम कंपनीने गुवाहाटीच्या एका संस्थेला दिलं. संस्थेकडून निरंजन फुकन नावाचा एक तरुण आला. नामघरापुढच्या अंगणात सभा भरली. निरंजन सगळ्यांबरोबर चटईवर बसला, खुर्ची मागितली नाही. गाव तिथेच विरघळलं.

बायका माशांबद्दल बोलल्या. नदीच्या खालच्या अंगाला एकदा तेलाची विहीर फुटली होती आणि पाण्यावर तेलाचा थर आला होता, ते कोणी सांगितलं. शेवटी ककाई म्हणाले, "बोपा, पोरा, लिहून घे. तळ्याच्या तोंडाशी विहीर नको. पुरात नदी त्याच तोंडातून आत येते आणि मासळीही अंडी घालायला तिथूनच येते. दारात चूल मांडली तर माणसांनी आत-बाहेर कुठून करायचं?"

"लिहिलं, ककादेउता."

"नको हा शब्द लिहिलास ना?"

"सगळ्यात आधी तोच लिहिला."

सगळे हसले. आणि मग आमच्याकडून ती चूक झाली, जी आमच्यासारख्यांकडूनच व्हायची. सभा उठायची वेळ आली. आमच्यात आशीर्वादाशिवाय सभा उठत नाही, मग ते लग्न असो की बांधाचं भांडण. एकदा झडती घ्यायला आलेला फौजदारही आमचा आशीर्वाद घेऊन गेला होता. आम्ही निरंजनच्या गळ्यात गामोसा, आमचं लाल काठाचं मानाचं उपरणं, घातला, पितळेच्या शराईत, म्हणजे उंच पायाच्या तबकात, तामूल-पान, सुपारी आणि पान, त्याच्यापुढे ठेवलं, सगळ्यांनी गुडघे टेकले, आणि ककाईंनी हात जोडून म्हटलं, "हे प्रभू, दारी आलेल्या पाहुण्याचं भलं कर. ज्या कामाला तो निघाला आहे ते सिद्धीस ने." गाव एका आवाजात म्हणालं, "जय हरि." निरंजनबरोबरच्या माणसाने फोटो काढला. ऊन तिरपं होतं, फोटो छान आला असणार.

अहवाल आला तेव्हा भाताची कापणी उरकली होती. सगळ्यांनी वाचावा म्हणून तो कचेरीत ठेवला होता. वाचायला कोणी जात नाही. ककाईंची सून जोनाली गेली. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे, कागद वाचायला घाबरत नाही. परत आली ती सायकल भिंतीला टेकवून सरळ सासऱ्यापुढे उभी राहिली.

"देउता, तुमचा फोटो आलाय अहवालात."

"बरा आलाय का?"

"बरा आलाय. खाली लिहिलंय, 'ग्रामस्थांनी प्रकल्पास एकमुखाने आशीर्वाद दिला.'"

ककाईंचा विणता हात थांबला. "आणि आपलं नको?"

"ते कुठेच नाही. 'काही शंकांचे निरसन करण्यात आले' एवढंच आहे."

"कोणी केलं निरसन?"

"ते लिहिलेलं नाही."

त्या संध्याकाळी ककाईंनी नाम सांगितलं, आणि असं सांगितलं की शेवटच्या पदाला मला झांजा सावरेनात. मग सगळ्यांनी गुडघे टेकले, कपाळं जमिनीला लावली आणि वाट पाहिली. वरून काहीच येईना. मान वर केली तर ककाई उभे.

"घरी जा," ते म्हणाले. "आशीर्वाद नाही."

बाहेर भोगेश्वरने त्यांना गाठलं. "का रे ककाई, घसा बसला का?"

"घसा ठणठणीत आहे. आशीर्वाद चोरीला गेलाय. मी देवाकडे पाहुण्यासाठी मागितलं आणि त्यांनी ते तळ्यावर शिक्क्यासारखं मारलं. तो परत मिळेपर्यंत दुकान बंद."

"दुकान माझं आहे. तुझं नामघर आहे."

"म्हणूनच बंद ठेवायला हवं."

आधी लोकांना गंमत वाटली, मग राग आला. नाम व्हायचं, भिजवलेल्या मुगाचा प्रसाद व्हायचा, आणि माणसं पोरकी असल्यासारखी उठून घरी जायची. कोणी म्हणालं, म्हातारा हट्टी झाला. कोणी म्हणालं, कंपनी एवढी मोठी, तिला याच्या तोंडच्या दोन शब्दांची काय पडली आहे? त्यातच भोगेश्वरच्या नातीचं लग्न आलं. निघताना पोरगी ककाईंपुढे गुडघे टेकून बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ओठ हलले, शब्द आला नाही. पोरगी रडत गेली, ककाई नामघरामागे जाऊन रडले. भोगेश्वर त्यांना म्हणाला, "तुझं भांडण कंपनीशी. माझ्या पोरीने काय वाकडं केलं?"

"काहीच नाही. पण माझा शब्द खोट्या कामाला लागलाय, भोगेश्वर. उष्टा शब्द तिला कसा देऊ?"

दुसऱ्या दिवसापासून भोगेश्वरने त्यांना ककाई म्हणणं सोडलं.

माघ संपत आला तेव्हा जनसुनावणी लागली. शाळेच्या मैदानात मंडप, मंचावर खुर्च्या, खुर्च्यांवर जिल्ह्याच्या अधिकारी राजखोवा मॅडम, कंपनीचे साहेब, आणि टोकाला मान खाली घालून निरंजन. साहेबांनी पडद्यावर हिरवीगार चित्रं दाखवली. चित्रातल्या तळ्यात आमच्या तळ्यापेक्षा जास्त पक्षी होते. मग ककाई उठले.

"मॅडम, मी दंडिधर. अहवालात माझा फोटो आहे. त्याखालचं वाक्य खोटं आहे."

साहेब हसून म्हणाले, "फोटो तर खरा आहे ना?"

"फोटो खरा आहे. म्हणून तर खोटं त्याच्या आड लपलं." ककाई निरंजनकडे वळले. "बोपा, ते पान घेऊन नामघरात चल. जिथे ऐकलंस तिथे बसून वाच. तिथे ते वाक्य पुरं वाचलंस, तर मी मॅडमसमोर मान्य करीन की गावाने होकार दिला होता."

भोगेश्वरने त्यांचं धोतर ओढलं. "डोकं फिरलं का तुझं? पोराने वाचलं तर तळं गेलं."

"वाचू दे."

"त्याची नोकरी आहे त्यावर. वाचणारच तो."

"मग देव बघेल. मी त्याच्याच घरात बोलावतोय."

मॅडम म्हणाल्या, "बसा, तुमचं म्हणणं नोंदवलं जाईल. सुनावणीची जागा बदलता येत नाही." ककाईंनी त्यांना हात जोडले आणि चालू लागले. नामघर रस्त्यापलीकडेच. त्यांच्या मागे बायका उठल्या, मग आम्ही, मग शिव्या घालत भोगेश्वर. बघता बघता मंडप रिकामा झाला.

साहेब म्हणाले, "चालू ठेवा, मॅडम. लोक हजर असलेच पाहिजेत असा नियम नाही."

"तो नियम मलाही पाठ आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मग ऐकू कोणाचं? खुर्च्यांचं?" कारकुनाला घेऊन त्या आमच्या मागून आल्या. दारात चपला काढल्या, पाय धुतले आणि बायकांमध्ये जमिनीवर बसल्या. निरंजन त्यांच्या मागे आला. साहेब पायात बूट तसेच ठेवून उंबऱ्याबाहेर थांबले.

नामघरात आधी नाम. ककाईंनी पद धरलं, पण त्या दिवशी स्वर थरथरत होता आणि मध्ये एकदा तुटलाही. बायकांनी तो उचलून पुढे नेला. मग नाम संपलं. मणिकुटातल्या, म्हणजे गाभाऱ्यातल्या, पोथीसमोर दिवा तेवत होता. निरंजन त्याच्यासमोर बसला आणि वाचू लागला. पाण्याचे नमुने वाचले, माशांच्या जाती वाचल्या, घरं वाचली. आवाज चांगला खणखणीत होता. शेजारी भोगेश्वर पुटपुटला, "गेलं. गेलं तळं."

"ग्रामस्थांनी प्रकल्पास," निरंजनने वाचलं आणि तो थांबला. कोणीतरी पाणी दिलं. पाणी पिऊन पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच शब्दाशी येऊन थांबला.

बाहेरून साहेब म्हणाले, "अरे वाच ना. छापलेलंच तर आहे."

"साहेब, तुम्हीच आत या," भोगेश्वर म्हणाला. "चटई आहे. बूट काढा आणि तुम्हीच वाचा."

साहेब आत आले नाहीत. निरंजनने पान खाली ठेवलं. "मी लिहिलं होतं की गावाने या जागी विहिरीला नको म्हटलं, आणि सभा रिवाजाप्रमाणे आशीर्वादाने संपली. आमच्या वरच्यांनी अर्धं वाक्य काढलं आणि उरलेलं सजवलं. छापून आल्यावर मी पाहिलं. पाहून गप्प बसलो."

मॅडम कारकुनाला म्हणाल्या, "जसंच्या तसं लिहा. सजवू नका."

मग निरंजनने शराई मागून घेतली, तीत तामूल-पान ठेवलं आणि सगळ्या गावापुढे गुडघे टेकले. असं कोणी वाकलं की त्याला आशीर्वाद दिल्यावाचून उठवता येत नाही, ही आमची रीत. ककाईंनी हात जोडले आणि तेवढ्यात उंबऱ्याबाहेर साहेबांचा फोन वर झाला.

"झालं," भोगेश्वर म्हणाला. "पुन्हा तोच फोटो. दंडिधर, तोंड उघडू नकोस."

ककाईंनी फोनकडे पाहिलं, वाकलेल्या पोराकडे पाहिलं, आणि कित्येक दिवसांनी हसले. "काढा, साहेब. नीट पुढे येऊन काढा. आवाजही येऊ द्या." मग डोळे मिटून त्यांनी अशा स्वरात सुरुवात केली की तो रस्त्यापलीकडे शाळेत ऐकू गेला. "हे प्रभू, या पोराचं भलं कर. याने खरं सांगितलं, त्याचा याला त्रास होऊ देऊ नकोस. दारात उभ्या साहेबांचं भलं कर, त्यांच्या लेकराबाळांना उदंड आयुष्य दे. आमचा आशीर्वाद माणसांना आहे. त्यांच्या विहिरीला आमच्या तळ्याच्या तोंडाशी तसूभर जागा देऊ नकोस."

"जय हरि," गाव म्हणालं. नामघराचा पत्रा दणाणला. साहेबांचा फोन हळूहळू खाली गेला. मॅडमनी मात्र सगळ्यांबरोबर कपाळ टेकवलं होतं, ते मी पाहिलं.

अहवाल परत गेला, नव्याने करा म्हणून. कंपनी मात्र गेलेली नाही. तळ्याच्या तोंडाशी तिच्या लाल झेंड्या अजून रोवलेल्या आहेत, आणि आम्ही अजून तिथेच सापळे लावतो. मोजमापाला दर थोड्या दिवसांनी नवी माणसं येतात. आम्ही त्यांनाही गामोसा घालतो, तामूल-पान देतो, जेवू घालतो, आणि उठताना आशीर्वाद देतो, विहिरीच्या त्या ओळीसकट. फोटो काढणाऱ्याला ककाई स्वतःच सांगतात, बाबा, आवाजही घे. भोगेश्वरने नातीला सासरहून बोलावून घेतलं आणि तिला तिचा आशीर्वाद मिळाला. तो पुन्हा ककाई म्हणू लागला आहे, आणि पहिलं पान आता ककाईंकडून हिसकावून घेतो.

ककाईंची काळजी करू नका, त्यांच्या मागे गाव आहे. माझी विनंती निरंजनसाठी आहे. त्या संस्थेत त्याला पुन्हा घेतलं नाही, दुसऱ्या तशा संस्थेतही नाही. म्हणतात, हल्ली जोरहाटला मुलांच्या शिकवण्या घेतो. आम्ही बोलावणं धाडलं, तर त्याने संकोचाने निरोप पाठवला की कधीतरी येईन. तुम्ही आपापल्या गावी देवापुढे बसाल, घरच्यांची नावं घेऊन हात जोडाल, तेव्हा त्या पोराचं नाव तेवढं त्यात घाला. निरंजन फुकन. त्याची आठवण असू द्या.