तुटलेली पिवळी रेघ

मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या मोटारसायकलीचा एकेक नट पिवळी रेघ लेवूनच बाहेर पडायचा. नट आवळायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि बारीक ब्रशनं एक सरळ रेघ ओढायची. अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि तुटलेली रेघ आंधळ्यालाही दिसावी अशी दिसते. "देवावर भरवसा ठेवावा," मिस्त्री म्हणायचे, "पण नट पान्यानंच आवळावा."

हे त्यांनी लेकीला शिकवलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि पाना तिच्या हाताहून लांब होता. अठराव्या वर्षी ती मोटारसायकलीची पहिली शर्यत धावली. ही शर्यत मैदानातली नव्हे, रस्त्यावरची. एका दिवसापुरते बंद केलेले येण्याजाण्याचेच रस्ते, एका अंगाला दगडी भिंती, दुसऱ्या अंगाला विजेचे खांब, वळणांवर पेंढ्याचे भारे. एकोणीस वर्षं ती इथं धावली. गळ्याचं हाड दोनदा मोडलं, मनगट एकदा. पाच वेळा दुसरी आली. पहिली कधीच नाही.

शर्यतीच्या जागी पलीकडच्या तंबूतला दुसरा मिस्त्री अंगानं गोल, म्हणून सगळे त्याला भोपळ्या म्हणत. तो दरवर्षी हटकून विचारायचा, "काय हो, पोरगी अजून दुसरीतच? एकदा तरी वर चढवा तिला!"

यंदा लेकीनं आधीच सांगून टाकलं होतं, "गुडघा आता बोलायला लागलाय, बाबा. ही शेवटची." आणि सरावात तीच सगळ्यांत वेगवान ठरली. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

गाड्या दहा-दहा सेकंदांनी एकेक करून सुटत होत्या. चौदांत तिचा नंबर अकरावा. पुढं तीन गाड्या उरल्या असताना तिनं सवयीनं वाकून मागच्या चाकाकडं पाहिलं आणि शिरस्त्राणाची काच वर केली.

"बाबा, रेघ तुटलीय."

मिस्त्रींनी वाकून बघितलं. त्यांना आठवलं. सकाळी नट आवळून रेघ ओढली, चहा घेतला, आणि मग नट आवळला होता की नाही तेच ध्यानात येईना. हल्ली असं व्हायचं. कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून पुन्हा पाना लावला, जोर दिला, नट आणखी जरासा बसला. जुनी रेघ पुसून नवी ओढायची मात्र राहूनच गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"घट्ट आहे गं. मीच मागाहून परत आवळलाय."

"रेघ तसं सांगत नाही."

"अगं, मी सांगतोय ना! बाप मोठा की रेघ?"

"रेघ तुटली तर साक्षात देवानं सांगितलं तरी गाडी सोडायची नाही, हे कुणी शिकवलं?"

लेकीनं हात वर केला आणि गाडी रांगेतून बाहेर ढकलली. नियम सरळ होता: आपली पाळी चुकली की सगळ्यांच्या मागून सुटायचं, घड्याळ मात्र मूळ पाळीपासूनच मोजणार. चाळीस सेकंद गेले.

"अरेरे!" भोपळ्या ओरडला. "पोरीचाच विश्वास उडाला की हो तुमच्यावरनं!" लोक फिदीफिदी हसले. मिस्त्रींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी ठरलेला जोर भरला की टिक वाजणारा पाना आणून नटाला लावला. टिक्. नट तसूभरही हलला नाही.

घट्टच होता. चाळीस सेकंद उगाच पाण्यात.

"आता रेघ ओढा," लेक म्हणाली.

मिस्त्रींनी जुनी रेघ चिंधीनं पुसली, देवाचं नाव घेतलं आणि नवी ओढली.

मग ती सुटली. सुटली म्हणजे काय, बाण सुटावा तशी. भिंतीला खांदा घासेल की काय असं वाटून बघ्यांनी डोळे मिटून घ्यावेत, आणि उघडावेत तर ती पार पुढच्या वळणावर. मिस्त्री कठड्याला धरून उभे होते, ओठ हलत होते. चौथ्या आणि शेवटच्या फेरीला कर्णा ओरडला, या रस्त्यावर एवढ्या वेगाची फेरी आजवर कुणी मारलेली नाही!

आणि निकाल? दुसरी. चार सेकंदांनी.

भोपळ्या टोपी हातात घेऊन आला. या वेळी त्याच्या आवाजात टवाळी नव्हती. "मिस्त्री, नट घट्ट होता. तुमचं ऐकलं असतं तर आज पहिली होती हो."

"होती ना," मिस्त्री म्हणाले आणि ऊर भरून आला त्यांचा. "पण खुद्द बापाच्या शब्दावर गाडी सोडत नाही ती. मीच शिकवलंय तिला!"

तेवढ्यात लेक आली. केस कपाळाला चिकटलेले, तोंडभर हसू. "सहाव्यांदा दुसरी, बाबा."

मिस्त्री जरा घुटमळले. "सकाळी नट आवळल्याचं मला आठवेना गं. म्हणून परत आवळला. हल्ली होतं असं."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मिस्त्रींनी खिशातला ब्रश काढून तिच्या तळहातावर ठेवला. "उद्यापासून गॅरेजात नट मी आवळीन. रेघ तू ओढायचीस."

"ओढीन. पण आधी पाना लावून बघणार."

"बघायलाच हवं!" मिस्त्री म्हणाले, आणि तेही भोपळ्याच्या तंबूपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.