डावी बाजू

एर्मेलिंदाने मेंढीचं काळीज फळीवर आपटलं आणि सुरीचं टोक त्यावरच्या पांढऱ्या डागावर टेकवलं.

"अशा काळजाचं काय करतो आपण? बोल!"

"गिऱ्हाईक उभं आहे, ताई," सेलेदोनिया हळूच म्हणाली.

"राहू दे उभं. त्यालाही ऐकू दे."

सेलेदोनियाने खाली बघून मेंढीचा पाय तोडायला घेतला. एर्मेलिंदाने ते आख्खं काळीज उचललं आणि फळीखालच्या कुत्र्यापुढे फेकलं.

"डाग कोरून उरलेलं विकत नाही आपण. आई विकत नव्हती, मीही नाही. डाग दिसला की आख्खं जातं. मग तुझ्या छातीचंच काय एवढं कौतुक? म्हणे नुसती गाठ काढते!"

मेंढीची मान घ्यायला आलेल्या बाईने सेलेदोनियाच्या छातीकडे पाहिलं, क्रूसाची खूण केली आणि मटण न घेताच ती निघून गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं. डोंगरातल्या आमच्या सांतो तोमास गावच्या बाजारात बातमी पायी फिरत नाही, घोड्यावरून फिरते. भाजीवाल्या बायका तिच्याशी मढ्यापुढे बोलावं तसं हळू आवाजात बोलायला लागल्या. सेलेदोनियाला इतका संताप आला की हातातला सत्तूर फळीत रुतला तो दोन्ही हातांनी ओढून काढावा लागला.

आरेकिपा शहराच्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. गाठ लहान आहे, वेळेवर सापडली आहे. दोन वाटा आहेत. फक्त गाठ काढायची आणि मग महिनाभर आरेकिपात राहून रोज किरणांचा शेक घ्यायचा. नाहीतर डावा स्तन पुरता काढायचा, मग बहुतेक शेकाची गरज नाही. गाठ काढली तर दुखणं तिथेच पुन्हा उगवण्याची धास्ती जराशी जास्त, पण जीव दोन्हीकडे सारखाच राखला जातो. "निवड तुमची," असं बाई म्हणाल्या होत्या, आणि सेलेदोनिया त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली होती. निवड तुमची, असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. आई गेली तेव्हा ती गुडघ्याएवढी होती. एर्मेलिंदाने तिला वाढवलं, सुरी धरायला शिकवली, नवरा शोधून दिला आणि कुत्र्याचं नावसुद्धा स्वतःच ठेवलं.

सेलेदोनियाला तो स्तन हवा होता. कारणं द्यायची तिला सवय नव्हती. तो तिचा होता, तिला आवडायचा आणि जीव वाचणारच असेल तर तो कुणाला का द्यायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पण एर्मेलिंदाने पाद्र्याला मध्ये घातलं, जावेला घातलं, शेवटी नासारियोलाही फितवलं. नासारियो म्हणजे सेलेदोनियाचा नवरा. ट्रकचं चाक हातात असलं की वाघ, आणि घरात मांजर.

"ताई म्हणतात तर टाकू काढून," तो ताटात बघत म्हणाला.

"लग्न तू माझ्याशी केलंस की ताईशी?"

"लग्नसुद्धा ताईंनीच लावलं ना," तो म्हणाला. सेलेदोनियाने त्याच्या पुढचं ताट उचललं आणि आतला रस्सा त्याच्याच मांडीवर ओतला.

आमच्याकडे वर्षभराची भांडणं नाताळच्या दिवशी मिटवतात, तीही मुठींनी. रिंगणात उतरून ज्याच्याशी वैर आहे त्याचं पूर्ण नाव घ्यायचं. आधी मिठी, मग मारामारी, मग पुन्हा मिठी. कोण जिंकलं याची चर्चा पिणाऱ्यांसाठी. खरी गोष्ट ती शेवटची मिठी. तिच्यानंतर तो विषय मेला. पुन्हा उकरून काढणाऱ्याच्या पाठीवर पंचाचा चाबूक पडतो आणि गाव त्याच्या दारात थुंकतं.

त्या नाताळला बायका उंच चिरक्या आवाजात गात होत्या, मक्याच्या दारूचे घडे रिकामे होत होते आणि रिंगणातल्या धुळीत आधी लढलेल्या दोघा मेहुण्यांचं रक्त अजून ओलं होतं. सेलेदोनिया मुठींना फडकी गुंडाळून मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने सख्ख्या बहिणीच्या नावाने हाक दिली.

गर्दी हसली. पंच पुढे आला. "घरी जा, बाई. तू आजारी आहेस."

"तुला कुणी सांगितलं?" ती ओरडली. "बघ! याचसाठी आलेय मी!"

एर्मेलिंदा पांढरीफटक पडून आली. ती अंगाने दुप्पट, हात ओंडक्यासारखे. मिठी मारताना ती पुटपुटली, "वेड लागलंय तुला, पोरी." उत्तर म्हणून सेलेदोनियाने तिच्या नाकावर ठोसा हाणला. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला.

मग दोघी भिडल्या. लाथा, मुठी, ओरबाडलेले गाल. एर्मेलिंदाचा एक तडाखा उजव्या कानावर बसला आणि सेलेदोनियाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढचाही उजवीकडेच. त्याच्या पुढचाही. मग तिच्या लक्षात आलं. ताई डाव्या बाजूला हातच लावत नव्हती. इतकी हिंस्र दया! जणू तिथे आधीच कुणाचं तरी थडगं होतं.

"डावीकडे मार!"

"नाही मारणार."

"मार म्हणते ना! जिवंत आहे ती बाजू!"

"तुला काय माहीत गं!" एर्मेलिंदाच्या नाकातलं रक्त तोंडात जात होतं. "आईने लपवलं होतं. फुटेपर्यंत लपवलं. मी धुवायचे रोज. माझ्या या हातांनी. त्या हातांचा वास अजून..."

सेलेदोनियाने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. तोंडावरच मारलं. दात धुळीत पडला. आईच्या मरणाचं ओझं बहिणीने एकटीने वाहिलं होतं आणि आज पहिल्यांदा खाली ठेवलं होतं. तेवढ्यात सेलेदोनियाने मारलं. तिला ते त्याच क्षणी कळलं आणि हात मात्र थांबला नाही.

मग एर्मेलिंदा खरंच चवताळली. ती रडत होती आणि मारत होती. खांद्यावर, पोटात, आणि शेवटी डावीकडे, थेट छातीवर. असा ठोसा की सेलेदोनियाचा श्वासच अडकला. ती कोसळली आणि पडता पडता बहिणीच्या हाताचं बोट तिने घट्ट धरून पिरगळलं. करंगळी कडकन मोडली. पंचाचा चाबूक दोघींच्या पाठीवर पडला.

"पुरे! मिठी मारा!"

दोघी उठल्या. रक्ताने, लाळेने माखलेल्या चेहऱ्यांनी त्यांनी एकमेकींना कवटाळलं. एर्मेलिंदाचे ओठ तिच्या कानाशी आले. "सेले, ऐक, माझं एवढं..."

चाबूक हवेत कडाडला. "मिठी झाली!"

एर्मेलिंदाने तोंड मिटलं.

त्यानंतर त्या विषयावर ती अक्षर बोलली नाही. सेलेदोनिया आरेकिपाच्या बसमध्ये चढली तेव्हा ती थांब्यावर आली, भाजलेल्या मक्याचं गाठोडं खिडकीतून आत दिलं, ओठ हलवले आणि परत गेली. बहिणीने कुठली वाट धरली, हे तिने नासारियोलाही विचारलं नाही. विचारता येत नव्हतं. ती नेम मोडणारी बाई नव्हती. तिचं वजन मात्र उतरलं. बाजारातल्या बायका म्हणत, आजारी नक्की कोण?

कार्निव्हलचा सण उलटून गेल्यावर सेलेदोनिया परतली. थेट बाजारातच आली. एर्मेलिंदा मेंढी सोलत होती. तिचं नाक वाकडं बसलं होतं, पुढे दाताची खिंड होती आणि करंगळी सरळ होत नव्हती. तिने बहिणीच्या जाड शालीकडे एकदा पाहिलं आणि नजर झटकन फळीवर आणली.

सेलेदोनिया फळीला वळसा घालून आत आली. तिने तो वाकड्या करंगळीचा हात धरला, शालीच्या टोकाला पुसला, आणि शालीखाली, सदऱ्याखाली नेऊन डावीकडे ठेवला.

शेकाने काळवंडून सोललेली कातडी होती. अजून गरम. तिच्याखाली छाती होती. एका बाजूने खचलेली, पहिल्यापेक्षा लहान, पण होती. एर्मेलिंदाची बोटं तिथून इंच इंच फिरली, जखमेच्या रेघेपाशी थबकली, पुन्हा फिरली. तिच्या डोळ्यांतून धार लागली.

"गिऱ्हाईक उभं आहे, ताई," सेलेदोनिया म्हणाली.

"राहू दे उभं," एर्मेलिंदा म्हणाली.