चाफ्याची कलमं

होळी गावातल्या बेटीने बांधलेलं सोनचाफ्याचं कलम सहसा मरत नसे. शेजारची उर्सुला तर म्हणायची, हिने कुंपणाच्या काठीला बांधलं तरी पालवी फुटेल. तरीही कलमांच्या प्रशिक्षणाला जागा मिळाली ती तिच्या नवऱ्याला, पास्कलला, कारण सातबाऱ्यावर नाव त्याचं. आणि रोपवाटिकेचा परवाना निघणार होता तो प्रशिक्षण पुरं करणाऱ्याच्या नावाने. बेटीला स्वतःची रोपवाटिका हवी होती. भावांसाठी सातवीत शाळा सुटल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

पास्कल भला माणूस, पण झाडांच्या बाबतीत आनंदीआनंद. फुलं टेम्पोत घालून बाजारात पोचवायची, एवढीच त्याची बागायती. पहिल्याच दिवशी ऋतिका मॅडमनी विचारलं, "कलमाची पट्टी तुम्ही कितव्या दिवशी सोडता?"

पास्कलने सरळ फोन काढला. "घरी विचारून सांगतो."

वर्ग हसला. पुढच्या प्रश्नाला पुन्हा फोन. तिसऱ्या वेळी मॅडमनीच हात पुढे केला, "द्या इकडे." फोन कानाला लावून त्या दहा मिनिटं खिडकीशी उभ्या राहिल्या आणि चक्क वहीत लिहून घेऊ लागल्या. आता कुणीच हसेना. इतकी वर्षं लोक कलमांचं कौतुक करायचे आणि हा बाबा खुशाल मान डोलवायचा. त्या दिवशी मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्या जागी तिचं नाव घालता येईल?" त्याने विचारलं.

"खातेदाराने संमती लिहून दिली तर."

"मग कागद द्या."

घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा बेटी वालाच्या शेंगा सोलत होती. आनंद झाला, पण आधी भीतीच वाटली.

"कोंबड्या कोण बघणार? आणि तुझी आई?"

"मी आहे ना!"

"तू आहेस म्हणूनच विचारते."

तरी दुसऱ्या दिवशी ती गेली. मॅडमनी तिला पुढच्या रांगेत बसवलं आणि ओळख करून द्यायला सांगितलं. सगळ्या पुरुषांसमोर उभी राहून बेटी सवयीने म्हणाली, "मी पास्कलची बायको. घरीच असते."

"आणि ती चाफ्याची कलमं?" मॅडमनी विचारलं.



"ती माझी," बेटी म्हणाली. आवाज कापला, म्हणून पुन्हा एकदा, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं म्हणाली.