गुळव्याची बोटं

पौषातली पिवळीधमक दुपार. पंचगंगेकाठी तुरे आलेले ऊस, रुपेरी, रसभारले, वाऱ्यावर डोलणारे. आणि त्यांच्या माथ्यावरून गुऱ्हाळाचा निळसर मधुगंधी धूर संथ, संथ वाहत जाणारा. अहाहा! तो वास ज्याच्या बालपणात शिरला, त्याला पुढे शहरात मन रमवणं जडच गेलं. ते दिवसच तसे होते.

त्या गुऱ्हाळाचा प्राण म्हणजे तातोबा गुळव्या. भल्यामोठ्या काहिलीत रस उकळायचा, फेसाळायचा, सुवर्णवर्णी व्हायचा. आणि त्याचा गूळ नेमका कोणत्या क्षणी होतो, हे एकट्या तातोबाच्या बोटांना कळायचं. बोटं आधी गार पाण्यात, मग उकळत्या पाकात, पुन्हा पाण्यात. गोळी वळली की हाक: "उतरवा!" क्षण चुकला, तर कुणाच्या तरी वर्षभराच्या घामाची माती. म्हणून दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्याचं अंथरूण गुऱ्हाळावरच असायचं.

आणि घर? घर कोसभर लांब. घरात सात वर्षांची शेवंता, टपोऱ्या डोळ्यांची, फटकळ जिभेची. गेल्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला "येतो" म्हणून बाप आला नव्हता. पोर नाच विसरून, रस्त्याकडे बघत, स्टेजवर नुसती उभी राहिली होती. यंदा भाकरी घेऊन निघालेल्या आईजवळ तिने निरोप दिला, "आबाला सांग, न्हाई आलास तरी चालंल. पन येतो म्हनू नगंस."

निरोप ऐकून तातोबाने हातातली भाकरी खाली ठेवली. "येतो म्हनून सांग," तो बायकोला म्हणाला. "ह्या खेपंला येतोच."

गॅदरिंगचा शनिवार उजाडला. चारला कार्यक्रम, तीन वाजून गेले, तरी काहिलीतलं आदण, उकळत्या रसाची ती खेप, उतरायचंच होतं. "तातोबा, एवढं उतरव आन् मग खुशाल जा," गुऱ्हाळाचे मालक मगदूमअण्णा म्हणाले. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. लेकीचं तरी काय चुकलं होतं? बिचारा तातोबा मधल्यामध्ये भाजून निघत होता.

पाक खदखदत होता. सोनेरी, सुस्त, मुजोर. तातोबाने बोटं भिजवली, पाकात घातली. कच्चा. पुन्हा भिजवली, पुन्हा घातली. अजून कच्चा. "आवर की रं बाबा!" तो पाकावरच खेकसला. इतक्यात उसाच्या पात्यांवरून, सळसळत्या हिरव्या लाटांवरून, शाळेच्या कर्ण्यावरची गाणी ऐकू येऊ लागली. आणि वीस वर्षांत कधी घडलं नव्हतं ते घडलं. मन शाळेत पोचलं. बोटं कोरडीच पाकात गेली.

डोळ्यांपुढे लाल, जांभळा, काळा अंधार. तरी त्या बोटांनी आपलं काम केलं. "उतरवा!" तो किंचाळलाच. गूळ अचूक झाला होता. हात धोतराच्या सोग्यात लपेटून तो पाटाच्या कडेने पळत सुटला.

शाळेच्या अंगणात कलत्या उन्हाची केशरी झिलई पसरली होती. स्टेजवर मुलींचा झिम्मा रंगत होता. धापा टाकत तातोबा पुढे घुसला, आणि शेवंताने त्याला पाहिलं. मग काय विचारता! पोर अशी नाचली, अशी नाचली, की बाकीच्या मुलींचा ताल चुकला. नाच संपला, टाळ्यांचा कडकडाट झाला. अख्खा गाव टाळ्या वाजवत होता. एकटा तिचा बाप वाजवत नव्हता.

तिने स्टेजवरून थेट खाली उडी मारली. "समद्यांनी वाजिवल्या. तूच का न्हाई रं आबा?"

तातोबाने सोगा बाजूला केला. तीन बोटं लालबुंद, टरटरून फोड आलेली.

"आई गं!" शेवंताच्या तोंडून निघालं. तिने बापाला तिथेच मातीत खाली बसवलं, त्याच्या मांडीवर बसली, आणि तो मोठा, जळका, गुळाच्या वासाचा हात आपल्या इवल्या ओंजळीत घेतला.

स्टेजवरून बक्षिसासाठी तिचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. शेवंता उठली नाही. गाल फुगवून, डोळे मिटून, एकेका बोटावर ती हळू, हळू, हळू फुंकर घालत होती.