चापटीवर चाललेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. शाळेच्या वहीएवढा, ॲल्युमिनियमचा, एका बाजूला तारांचा जुडगा जोडायची खाच असलेला. गॅरेजमध्ये मला ईसीएम म्हणतात. तुम्ही इंजिनाचा संगणक म्हणा. एका पांढऱ्या व्हॅनमध्ये मी एकोणीस वर्षं काम केलं. शेवटच्या दोन वर्षांत माझ्यामुळे काय होणार आहे हे मला कळत होतं, पण सांगायला मला तोंड नव्हतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे धूळ चालत नसे, म्हणून कामगार टोप्या आणि हातमोजे घालून बसत. हिरव्या पाटीवर त्यांनी माझे बारीक भाग मांडले आणि वितळलेल्या कथलाच्या ठिपक्यांनी पक्के केले. मला तापवलं, गार केलं, हादरवलं. मी पास झालो. व्हॅनमध्ये मला चालकाच्या शेजारच्या माणसासमोर, पुढच्या कप्प्याच्या मागे बसवलं. पेट्रोलचा फवारा कधी सोडायचा आणि ठिणगी कधी पाडायची हे मी ठरवत असे. मी गप्प झालो की व्हॅन म्हणजे चाकं लावलेलं कपाट.

व्हॅनचे मालक एक नवरा-बायको होते. शहराबाहेर टेकडीवर त्यांची लाँड्री होती. कामगार त्यांना दादा आणि वहिनी म्हणत. सकाळी लॉजांच्या धुतलेल्या चादरी पोचवायच्या, दुपारी मळलेल्या घेऊन यायचं. दादा गाडी चालवत, वहिनी शेजारी बसून गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या टाचत. दादा फार हळू चालवत. वहिनी म्हणत, "अहो, तुमच्या या चालीनं पोचेपर्यंत चादरी मळतील." दादा शांतपणे म्हणत, "मळू दे. परत आपल्याकडेच येणार."

सतरा वर्षं मी एकदाही चुकलो नाही. दादा चारचौघांत सांगत की या गाडीनं मला कधी मान खाली घालायला लावली नाही. मला ते ऐकून बरं वाटे.

मग पुढच्या काचेचं रबर जुनं झालं. दादा दर आठवड्याला पाइप लावून गाडी धूत, आणि थेंब थेंब पाणी माझ्यावर उतरे. वर रस्त्याचे हादरे. एके दिवशी माझ्या आतल्या एका कथलाच्या ठिपक्याला भेग पडली. केसाएवढी. मी गार असलो की भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकत आणि सगळं सुरळीत चाले. अर्धा-पाऊण तास तापलो की त्या विलग होत आणि माझी शुद्ध जाई.

पहिल्यांदा हे चढावर घडलं. दादांनी तीनदा चावी फिरवली. काही नाही. वहिनींनी वैतागून समोरच्या कप्प्यावर एक चापट मारली आणि म्हणाल्या, "ऊठ गं बाई." हादऱ्यानं कडा टेकल्या. मी जागा झालो, दादांनी पुन्हा चावी फिरवली, इंजिन सुरू झालं. वहिनी म्हणाल्या, "बघा, माझं ऐकणारं कुणीतरी आहे या संसारात." दोघं घरापर्यंत हसत होते.

मग ती रीतच पडली. गाडी बंद पडली की दादा हसून वहिनींकडे बघत. घरी पाहुणे आले की ही गोष्ट सांगितली जाई. वहिनींच्या जाऊबाईंनी तर एकदा मुद्दाम गाडीत बसून तो चमत्कार पाहिला. मी मात्र प्रत्येक चापटीला थोडा अधिक तडकत होतो. पहिल्या वर्षी एका चापटीत काम होई. पुढे दोन लागू लागल्या, मग चार.

त्याच सुमारास वहिनींच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी बजावलं की छातीत कळ आली तर वाट पाहू नका, अर्ध्या तासाच्या आत इथे या. रुग्णवाहिका टेकडी चढून यायची आणि परत जायची, तर पाऊण तास लागे. व्हॅननं एकोणीस मिनिटं. दादांनी ती दोनदा घड्याळ लावून मोजली. तेव्हापासून ते टाकी भरलेली ठेवत, गाडी उताराकडे तोंड करून लावत, चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगत. सगळी भिस्त गाडीवर, आणि गाडीची सगळी भिस्त माझ्यावर.

दादा गाडी घेऊन गॅरेजात गेले. मिस्त्री जाणते होते. पण गॅरेजात नंबर लागेपर्यंत मी गार होई आणि शहाण्यासारखा वागे. त्यांनी प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, पंपाला वीज देणारा रिले बदलला. स्कॅनर जोडून त्यांनी दोष विचारला. मित्रांनो, स्कॅनरला उत्तर मीच देतो. इंजिनाच्या बाकी सगळ्या भागांच्या खोडी मी लिहून ठेवत असे. पण भेग उघडली की मीच शुद्धीवर नसे, मग माझी खोड लिहिणार कोण? दोष नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं.

मिस्त्रींनी विचारलं, "बंद पडल्यावर परत सुरू कशी होते?"

वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी हसू दाबायला तोंडाला पदर लावला. बायको चापट मारते म्हणून, असं या जाणत्या माणसासमोर सांगायचं कसं? दादा ओशाळून म्हणाले, "होते आपली, थोड्या वेळानं."

मिस्त्री पुन्हा तारा तपासू लागले. माझ्यापर्यंत ते पोचले नाहीत.

उन्हाळ्यातली दुपार होती. फेरी संपवून आम्ही नुकतेच आलो होतो, मी तापलेलो होतो. गठ्ठा उतरवताना वहिनी छाती धरून खाली बसल्या. दादांनी त्यांना उचलून पुढच्या जागेवर बसवलं आणि गाडी काढली. दुसऱ्या वळणावर माझी शुद्ध गेली.

पुढचं मला तुटक तुटकच माहीत आहे, तेही बरंचसं नंतर ऐकून. उतारामुळे गाडी पायथ्यापर्यंत घरंगळत आली आणि सपाटीवर थांबली. वहिनींनी हात उचलला, कप्प्यावर ठेवला. चापट मारायला त्यात जोर नव्हता. मग दादा मारू लागले. मध्ये क्षणभर मी जागा झालो, इंजिन खोकलं, पुन्हा अंधार. एक टेम्पो थांबेपर्यंत वीस मिनिटं गेली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि दादांच्या खांद्यावर हात ठेवला.

तेराव्या दिवसानंतर दादांनी व्हॅन ओढत गॅरेजात आणली. कप्प्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ती इथे चापट मारायची. मग सुरू व्हायची."

मिस्त्रींनी कप्पा खोलून बाजूला काढला. त्यांनी चार स्क्रू काढून मला बाहेर घेतलं, झाकण उघडलं, गरम हवेचा झोत सोडला आणि भिंग धरलं. भेग उघडली.

"केवढी आहे?" दादांनी विचारलं.

"बारीकच आहे."

"दाखवा."

दादांनी भिंगातून पाहिलं. "आम्ही हसण्यावारी नेलं," ते म्हणाले.

मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या तशाच व्हॅनमधून दुसरा डबा आणला. दोन्ही डब्यांच्या चिकटपट्टीवरचे आकडे जुळले, पण गाडी सुरू होईना. त्या डब्याला दादांची चावी अनोळखी होती, आणि चोरीच्या भीतीनं आम्ही डबे ओळखीच्या चावीलाच दाद देतो. चावीची ओळख माझ्या पोटात होती. मिस्त्रींनी ती वाचून त्याच्यात उतरवली. ते माझं शेवटचं काम. इंजिन दोन तास तापून चाललं, एकदाही अडखळलं नाही. दादांनी ते उभ्यानं ऐकलं आणि स्वतःच्या हातानं बंद केलं.

तेव्हापासून मी मिस्त्रींच्या टेबलावर उघडा पडून आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात काठीनं ढकलल्यावर फिरणारा पंखा असेल, पाणी पिऊन जिरवलेली कुणाची तरी कळ असेल. हसायचं तर हसा, पण जो बरं करणारा आहे त्याला ती गंमत आधी सांगा. तुम्हाला ती क्षुल्लक वाटेल. त्याला तेवढाच धागा पुरतो.

मिस्त्री आता प्रत्येकाला विचारतात, बंद पडल्यावर तुम्ही घरी काय करता, लाजू नका. परवा एक बाप-लेक आले होते. दोघं एकमेकांकडे बघून हसले. लेक म्हणाली, "बाबा दार दोनदा आपटतात, मग होते."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "कुठलं दार?"